रोमन सम्राटांची दत्तकविधाने

दत्तक म्हटले की मराठी वाचकाला आधी झाशी आठवते. गंगाधरराव नेवाळकरांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी, २० नोव्हेंबर १८५३ रोजी, दामोदररावाला दत्तक घेतले आणि डलहौसीने ते दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले. त्याआधी १८४८ साली साताऱ्याचीही हीच गत झाली होती. त्यामुळे ‘राज्य’ आणि ‘दत्तक’ हे दोन शब्द आपल्या मनात एका अन्यायाशी कायमचे जोडले गेले आहेत.

रोमच्या इतिहासात मात्र हे दोन शब्द जोडून येतात ते कौतुकाच्या सुरात. इ.स. ९६ ते १८० या काळात नर्व्हा, ट्राजन, हेड्रियन, अँटोनायनस पायस आणि मार्कस ऑरेलियस असे पाच सम्राट ओळीने होऊन गेले. त्यांतले पहिले नर्व्हा सोडले तर बाकीचे चौघे दत्तक होऊन सत्तेवर आले. सोळाव्या शतकात मॅकियाव्हेलीने या गोष्टीकडे बोट दाखवून म्हटले की, वारशाने आलेले सम्राट बहुधा वाईट निघाले आणि दत्तकाने आलेले चांगले. अठराव्या शतकात गिबनने याच काळाला मानवजातीच्या सुखाचा काळ ठरवले. तेव्हापासून एक गोष्ट रूढ झाली आहे : रोमने रक्ताऐवजी गुणांवर वारस निवडण्याची रीत शोधली, ती ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे उत्तम चालली आणि तत्त्वज्ञ म्हणवणाऱ्या मार्कस ऑरेलियसनेच पोटच्या पोरासाठी ती मोडली. २००० साली आलेल्या ‘ग्लॅडिएटर’ चित्रपटाने या गोष्टीला आणखी एक पदर जोडला. त्यात मार्कस आपल्या सेनापतीच्या हाती राज्य सोपवू पाहतो आणि कॉमोडस बापाचा गळा घोटतो. हा सेनापती आणि हा खून, दोन्ही पटकथाकारांच्या कल्पनेतले आहेत.

गोष्ट सुबक आहे. पण एकेक दत्तकविधान बाजूला काढून, ते कोणी, केव्हा आणि कोणाला वगळून केले हे पाहू लागलो की ती टिकत नाही, असे मला वाटते. या लेखात तेच करून पाहायचे आहे.

घर आणि देवघर

सुरुवात राजवाड्यापासून नव्हे, साध्या रोमन घरापासून करावी लागते. रोमन कायद्यात बाप जिवंत असेपर्यंत मुलगा, मग तो पन्नाशीचा का असेना, बापाच्या अमलाखाली असे. त्याच्या नावावर स्वतंत्र मालमत्ता नसे. अशा मुलाला दुसऱ्या घरात दत्तक द्यायचे तर आधी बापाचा हक्क तोडावा लागे आणि तो तोडण्याची युक्ती मोठी गमतीची होती. इ.स.पू. पाचव्या शतकातल्या ‘बारा फलकां’च्या कायद्यात एक कलम होते : बापाने मुलाला तीनदा विकले तर मुलगा बापापासून मोकळा होतो. मूळ हेतू बहुधा निर्दय बापाला चाप लावण्याचा असावा. पुढे याच कलमाचा आधार घेऊन, तराजू आणि तांब्याचा तुकडा समोर ठेवून, मुलाची तीनदा लटकी विक्री करायची आणि मग न्यायाधीशासमोर नव्या बापाने ‘हा माझा मुलगा’ असा दावा लावायचा, अशी रीत पडली.

ज्याचा बाप हयात नाही अशा स्वतंत्र माणसाला दत्तक घेणे याहून गंभीर मानले जाई, कारण त्याच्याबरोबर एक अख्खे घर संपत असे. त्या घराचे देव, पितरांचे विधी, कुळाचार बंद पडणार, म्हणून आधी धर्मगुरू चौकशी करत आणि मग नागरिकांच्या सभेत ठराव होई. सिसेरोच्या काळापर्यंत या सभेचे नाटकच उरले होते. तीस कुळगटांच्या वतीने तीस दंडधारी शिपाई उभे राहत.

हे वाचताना आपल्याला ओळखीचे वाटते. पिंडदान आणि कुळाचार चालू राहावा ही आपल्याकडच्या दत्तकामागची मूळ कल्पना. हेन्री मेन यांनी १८६१ मध्ये ‘एन्शंट लॉ’ या ग्रंथात रोमन आणि हिंदू कायदा शेजारी ठेवून पाहिला आणि पुढच्याच वर्षी ते हिंदुस्थान सरकारचे कायदा सदस्य म्हणून कलकत्त्याला आले. पण साम्याइतकेच फरकही महत्त्वाचे आहेत. आपल्या धर्मशास्त्राप्रमाणे औरस पुत्र असताना दत्तक घेता येत नाही. रोममध्ये घेता येई. आपल्याकडे दत्तक बहुधा लहान मुलाचे. रोममधल्या थोर घराण्यांत ते बहुधा मिसरूड फुटलेल्याचे किंवा चांगल्या कर्त्या पुरुषाचे. आणि तिसरा फरक म्हणजे, रोमन स्त्रीला दत्तक घेण्याचा हक्कच नव्हता. हे तिन्ही फरक पुढे कामाला येणार आहेत.

दत्तकाची किंमत काय असे, ते एमिलियस पॉलसच्या घरात दिसते. मॅसिडोनियाचा राजा पर्सियस याला हरवणारा हा सेनापती. त्याने पहिल्या बायकोचे दोन मुलगे मोठ्या घराण्यांत दत्तक दिले होते. त्यांतला एक सिपिओंच्या घरात गेला; पुढे कार्थेज जमीनदोस्त करणारा सिपिओ एमिलियानस तो हाच. पॉलसने आपल्या वंशासाठी दुसऱ्या बायकोचे दोन मुलगे घरी ठेवले होते. इ.स.पू. १६७ मध्ये त्याची विजययात्रा रोममधून निघाली, तेव्हा त्यांतला एक पाच दिवस आधी वारला आणि दुसरा तीन दिवसांनी. चार मुलांचा बाप, दोन मुलगे हयात, आणि तरी कायद्याने निपुत्रिक.

थोर घराण्यांनी पाळलेली ही रीत राजकारणात कशी वाकवली जाई, याचे उदाहरण क्लोडियसचे. त्याला सामान्य जनांसाठी राखीव असलेले ट्रिब्यूनचे पद हवे होते, पण तो जन्माने उमराव. म्हणून इ.स.पू. ५९ मध्ये तो एका सामान्य कुळातल्या फॉन्टियसला दत्तक गेला. हा ‘बाप’ विशीतला होता आणि ‘मुलगा’ त्याच्याहून वयाने बराच मोठा. धर्मगुरूंचा प्रमुख आणि त्या वर्षीचा कॉन्सल ज्युलियस सीझर याने डोळेझाक केली. पद मिळताच क्लोडियसने सिसेरोला हद्दपार केले.

नावाचा वारसा

ज्युलियस सीझरचा खून १५ मार्च इ.स.पू. ४४ रोजी झाला. मृत्युपत्र उघडले तेव्हा त्यात बहिणीचा नातू ऑक्टेव्हियस याला तीन-चतुर्थांश मालमत्ता आणि स्वतःचे नाव दिलेले निघाले. ऑक्टेव्हियस तेव्हा अठरा वर्षांचा, समुद्रापलीकडे अपोलोनियात होता. आई आणि सावत्र वडील, दोघांनीही त्याला हा वारसा घेऊ नको असेच सांगितले. त्याने तो घेतला.

मेलेल्या माणसाने मृत्युपत्रातून केलेले दत्तक खरे की नुसती नाव लावण्याची अट, हे कायद्याने धूसर होते. म्हणून पुढच्या वर्षी सैन्याच्या जोरावर कॉन्सल झाल्याबरोबर त्याने नागरिकांच्या सभेकडून ते रीतसर करून घेतले. याच नावामुळे सीझरचे जुने शिपाई त्याच्यामागे आले. अँटनी त्याला हिणवत असे की, या पोराचे सारे काही एका नावावर उभे आहे. हिणवणे खरेच होते. पण ते नाव किती वजनाचे आहे याचा अंदाज अँटनीला उशिरा आला.

हाच तरुण पुढे ऑगस्टस झाला. त्याच्या राज्याची एक अडचण होती आणि माझ्या मते रोमन दत्तकांचे सारे मर्म त्या अडचणीत आहे. ऑगस्टस राजा नव्हता. निदान तसे म्हणवून घेत नव्हता. रोमने राजे हाकलले होते आणि ‘राजा’ ही शिवी होती. त्याचे सेनाधिकार, ट्रिब्यूनचे अधिकार, हे सारे सिनेट आणि जनतेने त्याला व्यक्तिशः दिलेले होते. कायद्याने ते कोणालाही वारसाहक्काने देता येत नव्हते. देता येत होती ती खाजगी मालमत्ता, घराण्याचे नाव, आश्रितांची निष्ठा आणि सीझरच्या नावाने शपथ घेणाऱ्या शिपायांचे प्रेम. म्हणजे जे देता येत नव्हते ते राज्य, आणि जे देता येत होते ते घर. घर हाती आले की राज्य मागोमाग येई. दत्तक हा घर देण्याचा मार्ग होता. राजगादीच्या वारसाचा कायदा करणे म्हणजे राजेशाही कबूल करणे. दत्तक घेणे म्हणजे एका रोमन गृहस्थाने आपल्या घराची व्यवस्था लावणे.

ऑगस्टसला ज्युलिया ही एकच मुलगी. तिचे लग्न त्याने आधी भाचा मार्सेलसशी लावले, तो इ.स.पू. २३ मध्ये वारला. मग सेनापती अग्रिप्पाशी. तिचे दोन मुलगे गायस आणि ल्युसियस यांना आजोबाने इ.स.पू. १७ मध्ये, तराजू आणि नाणे ठेवून, जावयाकडून रीतसर ‘विकत’ घेतले. ल्युसियस इ.स. २ मध्ये मार्सेलिसला गेला, गायस इ.स. ४ मध्ये लिशियात. त्याच वर्षी ऑगस्टसने नाइलाजाने बायकोचा आधीचा मुलगा टायबेरियस याला दत्तक घेतले. टायबेरियस तेव्हा पंचेचाळिशीचा, मोठा सेनानी. पण अट अशी घातली की टायबेरियसने आधी आपला पुतण्या जर्मानिकस याला दत्तक घ्यावे. टायबेरियसला स्वतःचा मुलगा होता, तरीही. जर्मानिकसची बायको अग्रिपिना ही ऑगस्टसची नात होती. म्हणजे एक पिढी बाहेरचा माणूस, आणि पुढच्या पिढीत आपले रक्त परत. याला गुणांची निवड म्हणणे कठीण आहे. आणि त्याच दिवशी दत्तक घेतलेला धाकटा नातू अग्रिप्पा पोस्टुमस? त्याला पुढे बेटावर हद्दपार केले गेले आणि ऑगस्टस मरताच तिथे त्याला मारण्यात आले.

औरस उरतो तेव्हा

औरस मुलगा असताना दत्तक घेता येणे किती घातक ठरू शकते, ते क्लॉडियसच्या घरात दिसले. त्याला ब्रिटानिकस नावाचा मुलगा होता. इ.स. ४९ मध्ये त्याने पुतणी अग्रिपिना हिच्याशी लग्न केले आणि पुढच्या वर्षी तिच्या मुलाला दत्तक घेतले. हा मुलगा ब्रिटानिकसपेक्षा सुमारे तीन वर्षांनी मोठा आणि आईकडून ऑगस्टसचा थेट वंशज. दत्तकविधानाने त्याचे डोमिशियस हे नाव जाऊन नीरो झाले. क्लॉडियसची मुलगी ऑक्टेव्हिया हिचे नीरोशी लग्न ठरले होते आणि आता तर ती कायद्याने त्याची बहीण झाली. म्हणून तिलाच दुसऱ्या घराण्यात दत्तक देऊन हा पेच सोडवला.

टॅसिटसने एक लहानसा प्रसंग सांगितला आहे. दोघे मुलगे समोरासमोर आले तेव्हा नीरोने ‘ब्रिटानिकस’ अशी हाक मारली आणि ब्रिटानिकसने उलट ‘डोमिशियस’ म्हटले. अग्रिपिनाने याची तक्रार सम्राटाकडे नेली आणि त्याच्या शिक्षकांपैकी चांगले होते त्यांना हद्दपारी किंवा मृत्यू मिळाला. दहा वर्षांच्या आसपासच्या मुलाने दत्तकविधान मानायला दिलेला हा एकमेव नकार. चौदावा वाढदिवस तोंडावर असताना, इ.स. ५५ मध्ये, तो नीरोच्या पंगतीत बसल्या जागी कोसळून मेला. प्राचीन इतिहासकार विषप्रयोग झाला असेच सांगतात.

तत्त्व केव्हा जन्मले

मग ‘गुणांवर निवड’ हे तत्त्व आले कुठून? टॅसिटसने ते वृद्ध गाल्बाच्या तोंडी घातले आहे. राजाच्या पोटी जन्मणे हा योगायोग, दत्तक घेताना मात्र विचार करता येतो, अशा आशयाचे ते भाषण आहे. गाल्बाने १० जानेवारी ६९ रोजी पिसो नावाच्या कुलीन तरुणाला दत्तक घेतले. शरीररक्षक दलाला बक्षिसी दिली नाही. आपल्यालाच दत्तक घेतील अशी आशा धरून बसलेल्या ओथोने ते दल फोडले आणि १५ जानेवारीला गाल्बा व पिसो दोघांचीही मुंडकी उडाली. पाच दिवसांचे हे दत्तक.

टॅसिटसने हे लिहिले ते ट्राजनच्या कारकिर्दीत. प्लिनीने इ.स. १०० मध्ये सिनेटमध्ये केलेल्या ट्राजनच्या स्तुतिभाषणातही हाच विचार आहे. म्हणजे तत्त्व आधी आणि दत्तक मागाहून असे झालेले नाही; ट्राजनचे दत्तक आधी झाले आणि त्याला शोभेल असे तत्त्व मागाहून मांडले गेले. प्रत्यक्षात काय घडले होते? इ.स. ९७ मध्ये शरीररक्षक दलाने म्हाताऱ्या, निपुत्रिक नर्व्हाला वेढून, आधीचा सम्राट डोमिशियन याच्या मारेकऱ्यांना आपल्या ताब्यात द्यायला लावले. बेअब्रू झालेल्या नर्व्हाने मग कॅपिटॉलवर उभे राहून ट्राजनला दत्तक घेतल्याची घोषणा केली. ट्राजन त्या वेळी रोममध्ये नव्हताच. जर्मनीच्या सरहद्दीवर पलटणी हाताशी घेऊन बसला होता. तो गुणी होता यात शंका नाही. पण ज्या गुणाने त्या आठवड्यात नर्व्हाचा जीव वाचवला तो म्हणजे त्याच्या मागे उभ्या असलेल्या पलटणी.

प्लोटिनाची सही

ट्राजनलाही मूल नव्हते. ऑगस्ट ११७ मध्ये पूर्वेकडून परतताना सिलिशियातल्या सेलिनस गावी तो वारला. सीरियात असलेल्या हेड्रियनला ९ ऑगस्टला दत्तक घेतल्याची बातमी पोचली आणि ११ ऑगस्टला मृत्यूची. कॅसियस डायो हा इतिहासकार सांगतो की दत्तक झालेच नव्हते; मृत्यू काही दिवस लपवून ठेवला आणि सिनेटला गेलेल्या पत्रांवर सम्राज्ञी प्लोटिनाची सही होती. डायोचे वडील पुढे सिलिशियाचे सुभेदार होते आणि ही हकीगत त्यांनी तिथेच ऐकली होती.

या दोन दिवसांच्या अंतराचे महत्त्व मराठी वाचकाला पाश्चात्य वाचकापेक्षा लवकर कळावे. आपल्याकडे मुंबई-महाराष्ट्राच्या परंपरेत विधवेला पतीच्या स्पष्ट आज्ञेशिवायही दत्तक घेता येई. खंडेराव गायकवाड वारल्यावर पाच वर्षांनी, १८७५ मध्ये, जमनाबाईंनी कवळाण्याच्या गोपाळरावांना दत्तक घेतले, तेच सयाजीराव. कोल्हापूरला चौथ्या शिवाजींच्या मागे आनंदीबाईंनी १८८४ मध्ये घेतलेले दत्तक म्हणजे शाहू महाराज. जमनाबाईंनी जे उजळ माथ्याने केले ते प्लोटिनाला करता येणार नव्हते. रोमन विधवेला दत्तक घेण्याचा हक्क नसल्याने, हेड्रियन मुलगा व्हायचा तर ट्राजन दोन दिवस तरी ‘जिवंत’ असायला हवा होता. डायोचे म्हणणे खरे की खोटे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण संशय याच जागी का उपजला, याचे उत्तर मला या हक्काच्या अभावात दिसते.

हेड्रियन काही परका नव्हता. तो ट्राजनच्या आतेभावाचा मुलगा होता, लहानपणी ट्राजन त्याचा पालक होता आणि त्याची बायको सबिना ही ट्राजनच्या बहिणीची नात. ‘गुणांच्या निवडी’त नाती अशी गुंफलेली होती. तरीही सत्ता हाती येताच चार माजी कॉन्सल मारले गेले.

हेड्रियनने स्वतः निवड केली तीही पाहण्यासारखी आहे. इ.स. १३६ मध्ये त्याने सीओनियस कॉमोडसला दत्तक घेतले. हा प्रकृतीने इतका नाजूक की १ जानेवारी १३८ रोजी तो सम्राटाच्या आधीच गेला. आपण पडक्या भिंतीला टेकलो, असे हेड्रियन म्हणाल्याची आख्यायिका आहे. याच सुमारास हेड्रियनने आपला नव्वदीतला मेहुणा सर्व्हियानस आणि त्याचा अठरा वर्षांचा नातू फ्युस्कस यांना मरण पत्करायला लावले. फ्युस्कस हा हेड्रियनच्या सख्ख्या बहिणीचा नातू. रक्ताच्या दाव्याला किंमत नसती तर या पोराला मारण्याचे कारण नव्हते.

मग २५ फेब्रुवारी १३८ रोजी अँटोनायनसला दत्तक घेतले. अट ऑगस्टसचीच : त्याने दोघांना दत्तक घ्यावे. एक म्हणजे त्याच्या बायकोचा सोळा वर्षांचा भाचा मार्कस, दुसरा वारलेल्या सीओनियसचा सात वर्षांचा मुलगा ल्युसियस. आईचे घर सोडून सम्राटाच्या वाड्यात जाताना मार्कस खूश नव्हता, धास्तावलेला होता, असे त्याचा प्राचीन चरित्रकार सांगतो. पुढे मार्कसचे लग्न अँटोनायनसच्या मुलीशी, फॉस्टिनाशी, झाले. म्हणजे दत्तक मुलगा जावईही झाला आणि नातवंडे रक्ताचीच आली.

मार्कसपुढचा पर्याय

आता तो जुना आरोप. ट्राजन, हेड्रियन यांना मूलच नव्हते. अँटोनायनसचे मुलगे दत्तकविधानापूर्वीच वारले होते. या तिघांनी औरसाला डावलून गुणी माणूस निवडला, असे म्हणायला जागाच नाही. मार्कसला फॉस्टिनापासून किमान तेरा मुले झाली आणि त्यांतली बहुतेक लहानपणीच गेली. मुलग्यांपैकी हाताशी राहिला तो ३१ ऑगस्ट १६१ रोजी जन्मलेला कॉमोडस. त्याला ‘सीझर’ पद मिळाले इ.स. १६६ मध्ये, वय पाच, आणि तेही धाकट्या भावासह. तेव्हा म्हातारपणीच्या मोहाने अखेरच्या घडीला निर्णय बदलला, हे खरे नाही.

मार्कसने त्याला वगळले असते तर? पोस्टुमस, ब्रिटानिकस आणि फ्युस्कस यांचे काय झाले ते आपण पाहिले. सम्राटाच्या वगळलेल्या मुलाला स्वस्थ घरी बसता येत नसे. त्याच्या नावावर कोणीतरी पलटण उठवणारच. इ.स. १७५ मध्ये मार्कस वारल्याची नुसती आवई उठली तर सीरियात अव्हिडियस कॅसियसने स्वतःला सम्राट जाहीर केले होते. म्हणजे मार्कसपुढे दोनच वाटा होत्या : मुलाला सत्ता द्यायची किंवा पुढेमागे कोणाकडून तरी त्याला मारू द्यायचे. कॉमोडस वाईट सम्राट निघाला आणि १९२ सालच्या शेवटच्या रात्री त्याचा गळा आवळला गेला, हे पुढचे झाले. १७७ मध्ये बापाने त्याला सहसम्राट केले तेव्हा तो सोळाव्या वर्षात होता.

राजा सत्तेवर असेपर्यंतच वारस बदलू शकतो. मेल्यानंतर त्याची निवड पाळायची की नाही हे पलटणी ठरवतात. सेप्टिमियस सेव्हेरसने हे पुरते ओळखले. यादवी जिंकत असताना इ.स. १९५ मध्ये त्याने आपण मार्कस ऑरेलियसचे पुत्र असल्याचे जाहीर केले. मार्कसला जाऊन तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. बाप मेलेला, संमती विचारायला कोणी नाही, तीस दंडधारी शिपाईही नाहीत. एका खवचट सिनेटराने ‘तुम्हाला बाप सापडला, अभिनंदन’ असे म्हटल्याचे डायोने नोंदवले आहे. विनोद झाला, पण नाव चालले. त्याने आपल्या मुलाचेही नाव मार्कस ऑरेलियस अँटोनायनस ठेवले; इतिहास त्याला काराकाला म्हणतो.

ज्युलियस सीझरचे रक्त थेट कोणाकडेच आले नाही. ऑगस्टसच्या घराण्याची सत्ता नीरोबरोबर इ.स. ६८ मध्ये संपली. पण एका मृत्युपत्राने अठरा वर्षांच्या मुलाला दिलेले ‘सीझर’ हे नाव पुढे ज्यांचे त्या कुळाशी काही नाते नव्हते त्यांनीही धारण केले, हेड्रियननंतर ते नियोजित वारसाचे पद झाले आणि जर्मन ‘कैसर’ व रशियन ‘त्सार’ त्यातूनच आले. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणीला जी पदवी जाहीर झाली ती ‘कैसर-इ-हिंद’. दामोदरराव तेव्हा इंदुरात इंग्रजांच्या तुटपुंज्या पेन्शनवर दिवस काढत होता.